होदानची नावं

“आला,” होदान म्हणाली आणि खिडकीपासून मागे सरली.

खाली लिफ्टच्या दिशेने एक उंच माणूस चालला होता. हातात फळांची पिशवी, अंगात साधा टी-शर्ट. त्याच्यात होदानचं काही दिसतंय का, हे बाराव्या मजल्यावरून कळणं शक्य नव्हतं. प्रणिताने तरी डोळे बारीक करून पाहिलंच.

दोघी सिंगापुरातल्या एकाच ऑफिसात शेजारी बसायच्या. एक लंडनमध्ये वाढलेली सोमाली, दुसरी पुण्याची; पण मेतकूट लगेच जमलं होतं. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कुठल्याशा कार्यक्रमाचा फोटो नेटवर आला, खाली होदानचं पूर्ण नाव. सोमाली लोकांत आडनाव नसतं. आधी आपलं, मग बापाचं, मग आजोबांचं. होदान वारसामे गुलेद. ते वाचून फिनलंडमधून लिबान नावाच्या एकाने लिहिलं, ‘हे माझ्या बहिणीचं नाव आहे. एक्क्याण्णवच्या लढाईत आमची ताटातूट झाली. जहाजांच्या इंजिनांच्या कामासाठी मी सिंगापूरला येतोय. भेटशील?’

तेव्हापासून होदानची झोप उडाली होती. तिचं असं कुणीच उरलं नव्हतं. सहा वर्षांची असताना लंडनच्या काकाने तिला निर्वासितांच्या छावणीतून बोलावून घेतलं, तोही आता गेला होता. हा खरा भाऊ असला तर तिला रक्ताचं माणूस मिळणार होतं. भामटा असला तर? एकटीने भेटायचा धीर होईना, म्हणून प्रणिताने बिशानमधला आपला फ्लॅट देऊ केला.

“प्रश्न मी विचारणार,” होदानने सकाळीच बजावलं होतं. “त्याला विचारू द्यायचं नाही.”

“अगं, मी आहे ना. पुणेकर आहे मी, माणूस ओळखते.”

दार उघडलं. लिबान आत आला, बूट बाहेर काढून. होदान आणि तो एकमेकांकडे बघत उभे राहिले. मिठी वगैरे काही नाही. त्याने हळूच मान लववली आणि खुर्चीवर बसला. त्याची सोमाली मोडकीतोडकी होती, म्हणून बोलणं इंग्रजीतच सुरू झालं.

होदानने मटण घालून भात केला होता, शेजारी सोललेली केळी. सोमाली माणूस भाताच्या घासाबरोबर केळं खातो. शिकरण चाटूनपुसून खाणाऱ्या प्रणिताला हे ऐकून पूर्वी शहारे आले होते. लिबानने भात संपवला आणि केळं शेवटी वेगळं खाल्लं, कुणीही खाईल तसं. प्रणिताने ते बरोबर टिपलं.

“नावं म्हण,” होदान म्हणाली.

प्रणिताला हे ठाऊक होतं. बापापासून वरच्या सगळ्या पूर्वजांची नावं सोमाली मुलांकडून बोलायला लागल्यापासून घोकून घेतात. होदान लंडनला येईपर्यंत काकाने तिला कधी पाहिलंच नव्हतं. विमानतळावर तिने ती नावं धडाधड म्हणून दाखवली, तेव्हा कुठे त्याने तिला पोटाशी धरलं. प्रणिताला ही गोष्ट फार आवडायची. तिच्या न्यू जर्सीच्या भाच्याला अथर्वशीर्ष तोंडपाठ होतं, आणि इथे स्वतःच्या लेकीला ‘शुभं करोति’ म्हण म्हटलं की ती सिंगापुरी हेल काढून “डोन्ट वॉन्ट, लाह” म्हणून मोकळी. देशागणिक मुलं वेगळी होतात हे तिला कळत होतं. पण या माणसाला तेवढी सूट द्यायला ती तयार नव्हती.

“वारसामे, गुलेद, दिरीये, रोबले...” लिबान अडखळला. “पुढचं विसरलो. फिनलंडमधल्या आमच्या गावात सोमाली मी एकटाच होतो. कुणाला म्हणून दाखवणार?”

“समतर,” होदान म्हणाली. “मग हिरसी, मग गेदी.” एका दमात, थेट वरपर्यंत.

लिबान तिच्याकडे एकटक पाहत राहिला.

“तुला माझं काय आठवतं?” तिने विचारलं. प्रणिताने टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला. बिचारी किती आशेने विचारत होती!

“होदान पाठीवर असायची. मी नऊ वर्षांचा होतो. दिवसभर चालायचो. शेवटी शेवटी तर तिचं वजनच लागत नव्हतं.” त्याने ताट बाजूला सरकवलं. “वाटेत एक बाभूळ होती. तिथवर आम्ही दोघं होतो. तिथून पुढे मी एकटा.”

“आठवतं मला,” होदान पुटपुटली. “तुझी पाठ आठवते.”

लिबानने डोळे मिटून घेतले.

प्रणिताला मात्र राहवेना. बहीण समोर बसलेली, आणि हा ‘होदान पाठीवर असायची’ म्हणतो, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखा. इतक्या वर्षांनी भेटलेला भाऊ, आणि त्याने एकही प्रश्न विचारू नये? लंडनमध्ये कशी राहिलीस, लग्न केलंस का, काहीच नाही. हे पाठ करून आलेलं सोंग होतं, दुसरं काय!

“माफ करा,” ती म्हणाली, “पण मला हे पटत नाही. तुम्ही हिचे भाऊ नाही.”

“प्रणिता, नको,” होदान घाईने म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “राहू दे. जाऊ दे त्यांना.”

“का जाऊ दे? सांगा खरं. आहात तुम्ही हिचे भाऊ?”

“नाही,” लिबान म्हणाला.

प्रणिताने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दाराकडे बोट दाखवलं. तो उठला नाही. होदानकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“मी होदानचा भाऊ. त्या बाभळीखाली तिला मी माझ्या हातांनी पुरलं. तिची नावं तुला माझ्यापेक्षा चांगली येतात. आता तुझी म्हण.”