रविवारचा धनेश

कथालेखनाची पदवी घ्यायला दोन वर्षं लागणार होती, आणि आंधळ्या आबांना परदेशी बोटीवर कामाला गेलेल्या लेकाचा, धनेशचा मेसेज दर रविवारी हवा होता. धनेश बुडाला, हे त्यांना सांगायची स्नेहलची छाती होईना. तिनं पनवेलच्या वाचनालयातून कथालेखनाची पुस्तकं आणली आणि एकटीच भाऊ लिहायला शिकली.

'आबा, मी मजेत हाय.' खोडलं. नुसती खुशाली कुणाला खरी वाटत नाही.

'आबा, इकडच्या भाताला वासच नाय.' ठेवलं.

सहाव्या रविवारी तिला काहीच सुचेना. कसाबसा लिहिलेला मेसेज तिनं वाचून दाखवला.

आबांनी तिचा हात चाचपला.

"मागल्या रविवारचा बरा होता गो पोरी. त्याच्यात जिता वाटला."