हाताचा वास

तोमिझोने लाकडासारखा टणक वाळका कुपा मासा किसणीवर एकदाच ओढला. खर्र. तेवढ्या आवाजानं सुझु खिडकीतून उठली, धडपडत कपाटाखाली शिरली आणि तिथं कोरड्या ओकाऱ्या देत बसली.

एरवी हाच आवाज ऐकला की ही मांजरी घर डोक्यावर घ्यायची.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, केमोच्या दिवशी तिला आवडीचं काही देऊ नका. पोटात ढवळत असताना जे पुढ्यात येईल, त्याचा तिला कायमचा वीट येतो. आधी उलटीची गोळी, मग काहीतरी साधं, कोमट करून. तोमिझोने मान डोलावली होती. पण सुई टोचून घेऊन ते एवढंसं जनावर मुकाट घरी आलं आणि म्हाताऱ्याला राहवलं नाही. सगळा जन्म कुपा वाळवायच्या भट्टीवर गेलेला. लाड करायचे म्हणजे त्याला दुसरं येतंय काय! गोळी देऊ मागाहून, म्हणाला, आणि मूठभर कीस घातला. तिनं आवडीनं खाल्ला. मग ओकतच राहिली.

तेव्हापासून पोटात कण नाही. अशीच उपाशी राहिली तर पुढची सुई द्यायची नाही, आणि सुई नाही तर सुझुही नाही, हे नवराबायको दोघांना ठाऊक होतं.

बायकोनं, हारुएनं, त्याच्या हातातून मासा काढून घेतला.

"अहो, पुन्हा कशाला काढलात?"

"वाटलं, विसरली असेल."

त्यानं साबण लावून हात धुतले, लिंबू चोळलं, पुन्हा धुतले. उकडलेल्या कोंबडीचा लगदा बोटावर घेऊन कपाटापाशी पालथा झाला. सुझुनं बोट हुंगलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भट्टीचा वास कसला जातोय साबणानं!

हारुएनं लगद्याची वाटी घेतली आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो उठला. त्याच्यामागं तिनं कागदी दार सरकवून घेतलं.

खूप वेळानं आतून जिभेचा बारीक आवाज आला.

"खातेय का गं?"

"खातेय. तुम्ही आत येऊ नका."

तोमिझो आत गेला नाही. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, दाराला कान लावून बसून राहिला.