अळ्यांचं बलुतं

दिवस मावळता मावळता तुरीच्या बांधावर टांगलेली गंधपेटी कुरकुरली. पतंगांचे वास ओळखून त्यांचं म्हणणं ती माणसाच्या बोलीत सांगायची आणि माणसाचं बोलणं वासातून त्यांना पोचवायची.

"आमची ओळ कुणी तोडली?" पेटीनं विचारलं.

यमुनानं वाकून पाहिलं, बांधाकडच्या ओळीच्या शेंगा तोडलेल्या होत्या. करार सरळ होता. बांधाकडची ओळ हे अळ्यांचं बलुतं, बाकीच्या रानात पतंगांनी अंडी घालायची नाहीत. तेव्हापासून फवारणीचा पंप माळ्यावर पडून होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

काशिनाथनं मान खाली घातली. "पाहुण्यांना शेंगा उकडून घातल्या. त्याच ओळीच्या जास्त भरल्या होत्या गं."

"दुसऱ्याच्या ताटातलं वाढलंत की हो पाहुण्यांना!"

पण भांडत बसायला वेळ नव्हता. पतंग तुरीवर घिरट्या घालायला लागले होते. यमुनानं घराकडं पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि पेटीला सांगितलं, "आमचं चुकलं. दारातल्या मांडवावरचा वाल मी लेकीसाठी राखलाय, ती माहेरी यायचीय. तो यंदा तुमचा."

हळूहळू सगळा थवा घराच्या दिशेनं वळला.

लेक आली तोवर वालाची चाळण झाली होती, तुरीला मात्र धक्का नव्हता. यमुनानं पेटी दारात आणून ठेवली, तशी ती पुन्हा कुरकुरली.

"वाल झकास होता. वरची फांदी लेकीची."

यमुनानं वर पाहिलं. मांडवाच्या टोकाला एक फांदी शेंगांनी लगडलेली होती, एकाही शेंगेला भोक नव्हतं.

"शिका जरा," ती हसत काशिनाथला म्हणाली आणि टोपली आणायला आत गेली.