बिनपगारी नोकरी

टक्! सही न करताच बाबांनी पेनाचं टोपण लावलं. समोर वकीलबाईंनी दिलेलं प्रतिज्ञापत्र होतं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात राबले बाबा, पण फुप्फुसं गेली आईची. रोज त्यांचे धुळकट कपडे दारात झटकून तीच धुवायची. कंपनीचं म्हणणं, ही बाई आमची कामगारच नव्हती. भरपाईचा दावा बाबांच्या सहीवर अडला होता. "माझ्याच कपड्यांतून तुला आजार लागला, हे मीच लिहून देऊ?" बाबांनी कागद दूर सारला. आई धापा टाकत हसली. "अहो, तीस वर्षं तुमच्या कारखान्याची बिनपगारी नोकरी केली मी. आता तरी माझी हजेरी लावा की!" डोळे पुसून बाबांनी सही केली. मांडीवरच्या लेकीनं माझी बाही ओढली. "आई, आजोबा कामावरून आले की तू पळत जाऊन बिलगायचीस ना? मग तुझ्या छातीत नाही गेली धूळ?"