लांगीचा फेसपॅक

फेतूची आई वारली आणि वर्षाच्या आत बाबांनी लांगीशी लग्न केलं. तेव्हापासून त्या बाईचा तुकतुकीत चेहरा फेतूच्या डोळ्यांत खुपत होता. आपिया शहराच्या बाजारात गावाकडच्या बायका विकतात तो स्वस्तातला, प्राण्यांवर न तपासलेला, खोबरं-पपईचा फेसपॅक लांगी नेमाने लावायची. आज ती चर्चला गेलेली पाहून फेतूने डबी उघडली आणि तोंड माखून घेतलं.

तेवढ्यात लांगी परत आली. फेतू ओशाळली, पण उलट तिच्यावरच उखडली, "तुला कशाला लागतात गं ही थेरं? बाबा आधीच तुझ्यावर लट्टू आहेत!"

लांगीने उरलेला लेप बोटावर घेऊन स्वतःच्या गालाला लावला.



"लट्टू? झोपेत अजून तुझ्या आईलाच हाका मारतात ते."