राखीव जागा

साहेबांना एका जागी बसवत नव्हतं. क्लाउडचं बिल दीडपट झालं होतं आणि ते कोणामुळे, हे त्यांना आजच्या आज हवं होतं. पडद्यासमोर येरझारा घालता घालता ते तरुण इंजिनियरला म्हणाले, "सोपं करून सांग. मला तुमची भाषा कळत नाही."

"मशीन आपण भाड्यानं घेतो, सर," ती म्हणाली. "एकेका मशीनवर सगळ्या टीमचे प्रोग्रॅम चालतात, प्रत्येकाचा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात. भाडं मात्र एकच येतं. मग वाटणी करायची. टीमनं राखून ठेवलेली जागा आणि खरोखर वापरलेली जागा, यांतली जी जास्त, तिचे पैसे त्या टीमला."

"आणि कोणीच न घेतलेली?"

"ती त्याच प्रमाणात सगळ्यांच्या माथी."

पडद्यावरची सगळ्यांत उंच पट्टी अँब्युलन्सचे कॉल घेणाऱ्या टीमची होती. तळाशी वापराचा चिंचोळा निळा भाग, वर नुसतं राखून ठेवलेलं सगळं राखाडी.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!" साहेब कडाडले. "एवढी जागा रिकामी?"

अँब्युलन्सचं काम बघणाऱ्या ताई मघापासून चष्म्याची काडी उघडत-मिटत होत्या. "रोज रिकामीच असते," त्या म्हणाल्या. "पूल पडला त्या सकाळी नव्हती. सगळं शहर एकदम फोन करत होतं."

"तसं झालं तर तेव्हा वाढवू."

"वाढवायला काही मिनिटं जातात, सर," इंजिनियर म्हणाली.

"तहान लागल्यावर विहीर खणायची," ताई पुटपुटल्या.

"निम्मी कर," साहेब म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला, आकडा बदलला आणि थबकली. "बदल कोणी करायला सांगितला, ते इथे लिहावं लागतं. तुमचं नाव घालू?"

साहेबांच्या हातातला फोन वाजायला लागला. त्यांनी तो उचलला नाही.

"टीमचं घाल ना."

"टीम नको म्हणतेय, सर."

"मग आपल्या सगळ्यांचं मिळून घाल."

"तसं नाही होत," ती म्हणाली. "सगळ्यांत फक्त खर्च वाटता येतो."

नावाचा रकाना रिकामाच राहिला. तिनं जुना आकडा परत टाकला. साहेबांनी तो पाहिला, आणि पाहिलाच नाही असं दाखवत ते खिडकीबाहेर बघायला लागले.