पायाळू सून

देवणीच्या कस्तुराबाईच्या पोटऱ्यांत रोज रात्री गोळे यायचे. तेल, मीठ, लिंबू, सगळं करून झालं. मग तिनं हुडकून पायाळू सून आणली. आरती जन्मली तेव्हा आधी पाय बाहेर आले होते. अशा माणसाची लाथ बसली की गोळा पळतो म्हणे. आणि पळायचाच! एक म्हातारा तर लाथ खाऊन उठला, तो काठी विसरून थेट उदगीरला चालत गेला.

यंदा आरतीचे दिवस भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ पायाळू आहे. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

कस्तुराबाई ऑपरेशनच्या खोलीचं दार अडवून उभी राहिली. "पोट फाडून काढलं की बाळाच्या लाथंचा गुण जातो, बाई."

"अहो, सून जाईल तुमची!"

"तेच तर सांगायलेय. ही गेल्यावर लाथ कोण मारंल?"